नेझ्दानाची लोकर

फार वर्षं झाली. इतकी, की तेव्हा सावळखडी गावात वीज नव्हती, नदीवर पूल नव्हता आणि पोरगी जन्मली तर पेढे नव्हते. वीज आली, पूलही झाला. पेढ्यांचं शेवटी सांगतो.

त्या गावात हौसा नावाची एक सून होती. तिला तीन मुली झाल्या आणि चौथ्या वेळी ती बाळंतीण झाली, तेव्हा तिचा सासरा केरबा अंगणात तंबाखू मळत बसला होता. सुईण दारात येऊन म्हणाली, "आबा, लक्षुमी आली."

केरबाने तंबाखू थुंकली. "किती लक्षुम्या यायच्या आन् घरात दमडी न्हाई! हिचं नाव नकुशी ठिवा. नकू म्हणून सांगितलं की पुढची तरी यायची न्हाई."

आता या केरबाचंच ऐका. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून त्याच्या आईने तो जन्मताच त्याला केराच्या ढिगावर लोळवलं आणि केरबा म्हटलं. मरण दारात येईल, केर बघेल आणि नाक मुरडून पुढे जाईल, असा तिचा हिशेब. केरबा जगला. आईने लपवून ठेवलेल्या मायेवर जगला. त्यालाच हे कळायला हवं होतं. पण आपल्याकडे पोराला केर म्हणायचं ते तो जगावा म्हणून, आणि पोरीला नकुशी म्हणायचं ते खरंच नको म्हणून.

बारशाला आत्याने बाळाच्या कानात "नकुशी" म्हटलं आणि कुर्र केलं. सगळ्या हसल्या. हौसाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने सासऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. नवरा बापासमोर कधी तोंड उघडत नसे. हौसाने ते शब्द गिळले.

पोरीचे दुधाचे दात पडायला लागले त्या सुमाराला जगात मोठी लढाई चालली होती, आणि नदीपलीकडच्या माळावर गोरी माणसं येऊन उतरली. साहेब नव्हेत ती. घरातून हाकललेली, बर्फातून पायी चालत आलेली, बायका आणि पोरंच जास्त. त्यांच्यासाठी माळावर पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या. त्यातलीच एक बाई नदी ओलांडून गावात यायला लागली. उंच, हडकुळी, डोळे पाण्याच्या रंगाचे. जुन्या घोंगड्या उसवून ती लोकर काढायची, लाल रंगात बुडवायची आणि पायमोजे विणून अंड्यांच्या बदल्यात द्यायची.

पाणवठ्यावर बायकांची हसून मुरकुंडी वळली. "अगं बाई, आमच्या पोरांच्या पायात वहाण न्हाई आन् तू लोकर घालतीस व्हय! हितं चैतात खडक तापतो!"

"माझा गावात पाणी दगड होतो," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "पाण्यावर बैल चालतो."

"चालतो तर चालतो! बैल बी खोटा आन् तू बी!"

ती पण हसली. पण मोजे विणायची थांबली नाही. एवढ्याएवढ्या पायाचे मोजे. ते ज्या पायांसाठी होते ते पाय बर्फाच्या वाटेवरच राहिले होते, हे बायकांना पुढे कळलं. मग कुणी हसेना.

तिचं नाव नेझ्दाना. नकुशीची आणि तिची गट्टी जमली. पोरगी तिच्या मागे मागे लोकरीचा गुंडा घेऊन फिरायची. एकदा हौसा मुलीला शोधत चाळीपाशी गेली, तर नेझ्दानाने तिला भाकरीसारखा काळा पाव दिला आणि विचारलं, "ही नकुशी. म्हणजे काय?"

हौसाने सांगितलं. सांगताना तिची मान खाली गेली. पण नेझ्दानाचा चेहरा उजळला. एव्हाना तिची मराठी बरीच सुधारली होती.

"माझंही तेच! नेझ्दाना म्हणजे जिची कुणी वाट बघितली नाही ती. आमच्या आजीच्या आजीच्या काळातलं नाव. आता कुणी ठेवत नाही. माझ्या आधीची बाळं मेली. आमच्याकडे म्हणतात, मरण नावं ऐकत हिंडतं. रत्न म्हटलं की उचलतं. म्हणून आईने मोठ्याने म्हटलं, ही आली, पण हिची वाट कोण बघत होतं? मरण गेलं. पण रोज निजवताना आई माझ्या कानात दुसरं सांगायची. ते नाव मरणासाठी आहे गं, मी तर तुझीच वाट बघत होते." मग तिने सहज विचारलं, "तू हिच्या कानात काय सांगतेस?"

हौसा उठली आणि मुलीचा हात धरून चालू लागली. नदीत उतरल्यावर तिने तोंडावर पाणी मारलं, खूप वेळ मारलं.

लढाई संपली. गोरी माणसं गाड्यांत बसून निघून गेली. नेझ्दाना मात्र गेली नाही. तिकडे तिची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. ती गावाच्या कडेला एका छपरात राहिली. गावाने राहू दिलं, कारण ती कुणाच्या पंक्तीत बसत नव्हती आणि काही मागत नव्हती.

मग पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी विहिरीवर दिसलेलं माणूस दिवस कलायच्या आत जायचं. लहान पोरं आधी. गावात बोलवा उठली की भर दुपारी, रस्ता ओस पडला की नदीपलीकडून कुणीतरी पोरांची नावं घेऊन हाक मारतं. जे ओ देतं, ते जातं.

जाणती माणसं पारावर जमली. मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी बसवायची आणि ओढत वेशीबाहेर, नदीपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याच्या मागे जाते. पण त्या वर्षी गाडा ओढायला कुणी पुढे येईना, कारण जो ओढील त्याला ती बरोबर नेईल अशी भीती सगळ्यांच्या पोटात होती. मिशांना पीळ देणारे सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत बसले.

तेव्हा केरबा बोलला. "आमची नकुशी वढील. तिचं नावच तसं हाय. कुणाला नको ती पोरगी. गेली तर गेली."

पारावरचा एकही माणूस नाही म्हणाला नाही. ह्यांना आपण पूर्वज म्हणतो.

हौसा बायकांच्या घोळक्यात उभी होती. "मामंजी..." ती म्हणाली. पुढे शब्द येईना. इतकी वर्षं गिळून गिळून तो आत कुठे गेला होता तोच सापडेना. नवऱ्याने पोरीला पुढे ढकललं. गाड्याची दोरी तिच्या हातात दिली. पोरगी आईकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

नेझ्दाना गर्दीतून आली. "गाड्याला कोण पाहिजे?"

"जी कुणाला नको ती," केरबा म्हणाला.

"मग ती मी. माझं नाव विचारा हिला." तिने हौसाकडे बोट केलं. "लढाईने नको म्हटलं, देशाने नको म्हटलं, तुम्हीही ये म्हटलं नव्हतं. ही पोर तर लहान आहे. हिला अजून कुणीतरी हवं म्हणेल."

हौसा जमिनीकडे बघत होती.

नेझ्दानाने पोरीच्या हातातली दोरी काढून घेतली. तिच्या हातात लाल लोकरीचा गुंडा ठेवला आणि त्याचं टोक आपल्या मनगटाला बांधलं. वाकून कानात म्हणाली, "तुझं नाव मला दे. माझं तू घे. कुणी जुन्या नावाने हाक मारली तर ओ देऊ नकोस."

गाडा निघाला. दुपार नुसती पेटलेली होती. पोरगी वेशीवर उभी राहून लोकर सोडत होती. गुंडा मुठीएवढा, पण लोकर संपेचना, असं म्हणतात. लाल रेघ रस्त्यावरून गेली, वाळूतून गेली, पाण्यात शिरली. नेझ्दाना कमरेइतक्या पाण्यात असताना पलीकडच्या काठावरून हाक आली. सगळ्या गावाने ऐकली. गोड, ओळखीच्या बाईचा असावा तसा आवाज.

"नकुशेऽऽ!"

पोरीचे ओठ उघडले. तिला तो आवाज आईचाच वाटला, आणि आईने हाक मारली की ती ओ द्यायचीच, सवयच होती. पण त्याआधी नदीतून आवाज आला, परक्या हेलात, ठणठणीत.

"ओऽऽ! आले!"

धागा ताणला गेला. मग सैल पडला.

पोरीने तो ओढत ओढत परत आणला. टोक हाती आलं तेव्हा त्यावर पांढरा, कडक, बोट भाजेल असा गार थर चढला होता. चैताच्या उन्हात. गावात कुणी बर्फ कधी पाहिलेला नव्हता. पोरीच्या तळहातावर तो वितळला आणि नुसतं पाणी राहिलं. पाण्यावर बैल चालतो म्हणून हसलेल्या बायका तिथेच उभ्या होत्या.

पटकी ओसरली. बाई परत दिसली नाही, गाडाही नाही.

हौसा त्या दिवशी मुलीला पोटाशी धरून तिच्या कानात म्हणाली, "मी तुझी वाट बघत होते गं. देवाशप्पथ बघत होते."

पोरगी म्हणाली, "मग म्हणाली का न्हाईस?"

पुढे हौसा मरेपर्यंत पाणवठ्यावर, शेतात, चुलीपुढे ते परदेशी नाव घोकत राहिली, कारण जुन्या नावाला मुलगी कधी ओ देईना आणि नवं नाव हौसाच्या जिभेला वळेना. शेवटच्या आजारात ते एकदाचं नीट उच्चारलं, असं म्हणतात. मुलगी उशाशीच होती. तिने ओ दिली.

ती मुलगी खूप जगली. म्हातारी नेझ्दाना म्हणायचे तिला. नदीकाठी जो शेंदूर न लावलेला दगड आहे, तो तिनेच त्या बाईच्या नावाने ठेवला. केरबाच्या वारसांनी नंतर सांगायला सुरुवात केली की बाईला गाड्यापुढे आमच्या आजोबांनीच मान दिला. त्यांना सांगू दे. दगडाला शेंदूर लावायला ते आले, तेव्हा म्हातारीने काठी उगारली होती.

सावळखडीत अजून पाळण्याच्या दोरीला लाल लोकर बांधतात. बारशाला आत्याने नाव ठेवायच्या आधी घरातला सगळ्यात थोरला पुरुष उठतो, पाळण्याशी जातो आणि बाळ मुलगी असेल तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "पोरी, आम्ही तुझीच वाट बघत होतो." ही म्हातारीने घालून दिलेली रीत. काहीजण मनापासून म्हणतात. काहीजण पुटपुटतात, पेढे अजून मुलाच्याच बारशाला वाटतात. पण पुटपुटलेलं चालत नाही. बायका ओरडतात, "ऐकू आलं न्हाई, आबा!" आणि आबाला परत म्हणावं लागतं. पार नदीपलीकडे ऐकू जाईपर्यंत.