रुमालाखालचा भाव

सांगलीच्या हळद बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. असे सौदे मोबाइलवर नोंदवणारी कंपनी शर्वरी आवटीनं काढली. तिच्यात पैसे घालायला एका परदेशी कंपनीचे साहेब आले.

"हे ॲप आमचे इंजिनियर महिन्याभरात करतील," साहेब म्हणाले. "तेव्हा हिस्सा निम्म्या किमतीत द्या."

शर्वरीनं त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबली. साहेबांना ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी आपली मान हलवली.

"इथं मान हलली की सौदा पक्का, साहेब. तुम्ही आत्ता दुप्पट भावाला हो म्हणालात. आता खुशाल पाठवा तुमचे इंजिनियर!"

पुऱ्या किमतीच्या करारावर सही होईपर्यंत साहेबांनी मान जराही हलवली नाही.