गिटारचा आवाज बसला

वसईकडच्या एका वाडीत बस्त्याव नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको फिलोमिन चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवायची. बाई चणीने लहान, गिटार मोठी. एकदा गिटार घेऊन उतरताना तिला पायरीच दिसली नाही. गिटार फुटली, पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये आणि चर्चचा सण तोंडावर. म्हणून तिने नवऱ्याला बाजारात धाडलं. अंगाने लहान आणि आवाजाने खणखणीत अशी बघून आणा, एवढंच सांगितलं.

बस्त्यावने सगळा बाजार पालथा घातला आणि एक बुटका कोंबडा आणला. अंगाने लहान, आवाज पार तिसऱ्या आळीपर्यंत.

फिलोमिनने कपाळाला हात लावला. गिटार आणायची, वाद्यांच्या दुकानातून आणायची, आणि घेण्याआधी कान पिळून सूर लागतो का ते बघायचं, असं तिने बजावलं.

दुकानात गल्ल्यावर दुकानदार बसला होता. बस्त्यावने त्याचा कान धरला आणि पिळला. दुकानदार केवढ्यांदा तरी ओरडला.

"आवाज चांगला आहे," बस्त्याव म्हणाला, "पण अंगाने तुम्ही फार मोठे."

दुकानदाराने त्याला हाकलून दिलं. फिलोमिनने पुन्हा समजावलं. कान म्हणजे गिटारच्या टोकाच्या खुंट्या. आधी दुकानदाराची माफी मागायची, मग गिटार घ्यायची, आणि लहान लेकरासारखी सांभाळून आणायची.

या वेळी सगळं जमलं. दुकानदाराने एका हाताने आपला कान झाकून गिटारी दाखवल्या. त्यातली एक, बारीक कमरेची, वाजताच दुकान भरून गेलं. परतताना एसटीत बस्त्यावने तिचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरने वय विचारलं. आजच आणली, असं त्याने खरं ते सांगितलं. मग तिकीट लागलं नाही.

गिटार फिलोमिनच्या मांडीवर अलगद मावली. तिने तारा छेडल्या आणि तिचे डोळेच भरून आले. बस्त्यावला वाटलं, जन्मात एक काम नीट झालं.

सणाच्या आदल्या दिवशी मंडळातला मुख्य गायक इनास आला. त्याचा आवाज बसला होता. फिलोमिनने त्याला सुंठीचा गरम काढा पाजला, गळ्याला मफलर गुंडाळायला लावला. थोड्या वेळाने इनास गाऊ लागला. बस्त्याव बघत होता. संध्याकाळी दमट हवेने गिटारच्या तारा उतरल्या. फिलोमिन सहज म्हणाली, "आज हिचाही आवाज जरा बसलाय."

सकाळी ती रिक्षाने पुढे गेली. मागून बस्त्यावने गिटार आणली, दोन्ही हातांवर आडवी, अगदी सावकाश. गिटारच्या मानेला मफलर होता. चर्च भरलं होतं, फादर खूण करत होते. फिलोमिनने घाईघाईने गिटार मांडीवर उभी धरली. मधल्या भोकातून सुंठीचा काढा भळाभळा तिच्या प्लास्टरवर सांडला.

बस्त्याव बाकावरून उठला आणि बायकोची समजूत घालू लागला.

"जरा धीर धर, फिलू. सकाळपासून नुसती तोंडात धरून बसलीये. गिळायलाच तयार नाही."