बावटा उतरल्यानंतर

खाडीच्या तोंडाशी, गावाच्या डोक्यावर असलेल्या टेकाडावर एकदा एक वृद्ध राहत असे. त्याचे काम एकच. वैशाख लागला की समुद्राकडे पाहत बसायचे.

हे काम ऐकायला आरामाचे वाटते. तसे ते नव्हते. वैशाखात खोल समुद्र तापतो, दूर दक्षिणेला ढग गोळा होतात आणि कधीकधी एका जागी फिरू लागतात. बहुतेक वेळा ते आपसूक विरून जातात. एखाद्या वर्षी मात्र विरत नाहीत. नेमके त्याच दिवसांत गावच्या होड्या हंगामाची शेवटची मासळी आणायला सर्वांत लांब जातात, कारण ज्येष्ठात त्या वाळूवर ओढून शाकारून ठेवायच्या असतात.

वृद्ध दोन लाटांमधले अंतर श्वासांनी मोजायचा. एरवी दोन श्वास. वारा वाढलेला नसतानाही ते अंतर चार श्वासांवर गेले, की दूर कुठेतरी काहीतरी फिरू लागले आहे असे तो समजत असे. मग तो टेकाडावर रोवलेल्या डोलकाठीवर लाल बावटा चढवी, आणि बावटा दिसला की एकही होडी पाण्यात जात नसे. गाव त्याला मान देई, पण जवळ करीत नसे. तो पाणी भरायला खाली आला तरी विहिरीवरची माणसे बोलायची थांबत. आता हा काय सांगतो, याची भीती. त्यामुळे वैशाखात त्याच्याशी सुखदुःखाचे कोणी बोलत नसे.

उतारवयात त्याने गावातलाच एक तिशीचा माणूस शिष्य म्हणून घेतला. शिष्याची बहीण खालीच हिराजी नाखव्याला दिली होती. हिराजीच्या तीन होड्या होत्या, आणि जिभेला हाड नव्हते.

पहिल्याच वैशाखात वृद्धाने बावटा चढवला. तीन दिवस होड्या वाळूवर राहिल्या. चौथ्या दिवशी लाटा पुन्हा दोन श्वासांवर आल्या. वादळ वाटेतच विरले होते. वृद्धाने बावटा उतरवला, आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि तो खाली जाऊन मासळीच्या लिलावाच्या दगडावर बसला. नुसता बसला.

मग जे व्हायचे ते झाले. पदीबाय म्हणून एक म्हातारी कोळीण होती, तिने सुरुवात केली. "तीन दिस चूल थंड र्‍हायली तुज्या फडक्यापायी! डोले हायेत का खोबणी?" तिच्यामागून सगळे. वृद्ध दुपारपर्यंत ऐकत होता. खुलासा नाही, क्षमा नाही. ऊन डोक्यावर आले तसा उठून वर आला.

शिष्य संतापला होता. "गुरुजी, आपण त्यांच्यासाठी डोळे फोडून घेतो आणि वर त्यांच्या शिव्या खायला स्वतःहून जायचं?"

"हेही कामच आहे," वृद्ध म्हणाला आणि भाताला आधण ठेवू लागला. शिष्याला वाटले, म्हातारपणी माणूस जरा चळतो.

पुढच्या वैशाखापर्यंत वृद्धाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. "आता तू बघ आणि तूच ठरव," तो म्हणाला. शिष्याने आठवडाभर एकट्याने समुद्र मोजला. बोलायला कोणी नसले की माणूस स्वतःच्याच मोजणीवर संशय घेऊ लागतो. तरी एका सकाळी चार श्वास आलेच. त्याने बावटा चढवला.

वादळ आले नाही. चौथ्या दिवशी त्याने बावटा उतरवला. खालून हिराजीचे हसणे वरपर्यंत ऐकू येत होते. शिष्याचे कपडे धुतलेले होते, पण ते घालून खाली जायला त्याचे पाय उचलेनात. स्वतःची बहीण तिथे उभी असेल, तिच्यासमोर शिव्या खायच्या? तो झोपडीच्या मागे जाऊन बसला. वृद्धाने हे जाणले. त्याने एकट्यानेच भाताला आधण ठेवले.

बारा दिवसांनी पुन्हा चार श्वास आले, मग जवळजवळ पाच. शिष्याने धावत जाऊन बावटा चढवला आणि खाली पाहिले. हिराजीच्या तिन्ही होड्या, पुढच्या होडीवर स्वतः हिराजी, खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होत्या. बावटा फडफडत होता आणि त्याच्या खालून त्या शिडे उभारून निघाल्या होत्या. उरलेल्या नऊ होड्यांवर जाळी चढत होती.

"गुरुजी, ते बावट्याकडे बघतच नाहीत!"

वृद्ध चटईवर उठून बसला. "कसे बघतील? मागच्या खेपेचा राग त्यांच्याजवळच राहिलाय. आपलं दहापैकी आठ वेळा चुकणार, बाळा. ज्याला दोन वेळा बरोबर यायचंय त्याला आठ वेळा चुकावंच लागतं. पण त्या आठ वेळांची चूल त्यांची थंड होते, आपली नाही. त्यांना बोलायला कोणी तरी समोर हवं. मी समोर बसलो की राग माझ्यावर निघतो आणि बावटा स्वच्छ राहतो. तू बसला नाहीस, म्हणून तो बावट्यावर निघाला." मग हलक्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मीच तुला हाताला धरून न्यायला हवं होतं. मला तुझी दया आली. चुकलं माझं."

शिष्य होता तसा मळक्या कपड्यांनिशी धावत सुटला. वाळूवर पोहोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. तो लिलावाच्या दगडावर जाऊन बसला. वादळाबद्दल एक शब्दही बोलला नाही.

माणसे थबकली. मग पदीबायने टोपली खाली आपटली. "आज सवड झाली व्हय रं? बारा दिस कुठं तोंड लपवून बसलावतास?"

बांध फुटावा तसे सगळे बोलू लागले. कोणाच्या घरी साखरपुडा अडला होता, कोणाचा बर्फ वितळून गेला होता. तो मान खाली घालून ऐकत राहिला. बोलता बोलता एकाने खांद्यावरचे जाळे खाली टाकले. दुसर्‍याने वर टेकाडाकडे पाहिले, शिवी हासडली आणि होडीचा दोर पुन्हा खुंटाला बांधला. नऊच्या नऊ होड्या वाळूवर राहिल्या. तीन गेल्या त्या गेल्याच.

पुढचे तीन दिवस शिष्य जेवला की नाही हे त्याला आठवत नाही. डोळे क्षितिजावर आणि मनात बहिणीच्या कपाळाचे कुंकू. पण वादळ याही खेपेस दूरच्या दूर उत्तरेला वळले. चौथ्या दिवशी सकाळी तीन शिडे दिसली, होड्या मासळीने भरलेल्या. शिष्य मटकन खाली बसला आणि रडला. आपण खोटे ठरलो याचा एवढा आनंद आयुष्यात कोणाला झाला नसेल.

मग त्याने बावटा उतरवला, कपडे धुतले आणि खडकावर वाळत घातले.

"कुठं निघालास?" वृद्धाने विचारले.

"खाली."

"आज शिव्यांबरोबर नाखव्याचं हसणंही असेल."

"असू दे."

"कपडे वाळले का बघ आधी."

तो खाली आला तेव्हा माणसे नेहमीप्रमाणे बोलायची थांबली. तो दगडावर बसला. हिराजी हातात पापलेट नाचवत पुढे आला. "काय मेव्हणं? कुठं ठेवलंत तुमचं वादळ?" सगळे हसले. पदीबाय पदर खोचून तयारच होती.

पण तिच्या आधी गर्दीतून त्याची बहीण पुढे आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तीन दिस," ती म्हणाली, "तीन दिस दारात उभी राहून तुझ्या बावट्याकडं बघत होते मी. पाण्याचा घोट गेला नाय घशाखाली. आणि तू तिथं वर बसलेला!" तिने त्याच्या खांद्यावर एक मूठ मारली, मग दुसरी.

हिराजीचे हसणे थांबले. त्याने पापलेट टोपलीत ठेवले आणि तो वाळूकडे पाहत राहिला.

आपण वरून समुद्राकडे पाहत होतो तेव्हा खालून कोणी आपल्याकडे पाहत होते, हे शिष्याला आज कळले. तो दगडावर थोडा सरकला आणि त्याने बहिणीला बसायला जागा करून दिली. पदीबायने जरा वेळ वाट पाहिली. मग बोलायला सुरुवात केली.