शिळेवरचे वर्ष

फार पूर्वी कमलपुरात पृथुसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा धान्यामात्य होऊन जन्मला होता. राजाला मेजवान्यांचा भारी नाद. पुढच्या दोन सुग्यांचे धान्य तो आधीच उसने आणून संपवून बसे. शेवटी अमात्याने राजाची संमती मिळवून वेशीवर शिळा कोरवली : ‘वर्षाच्या आवकीहून वर्षाचा खर्च अधिक नसावा. राजाचाही.’

सात वर्षे नगर पोटभर जेवले. अमात्य येता-जाता शिळेकडे पाही आणि, खरे सांगायचे तर, मनातून थोडा सुखावे.

आठव्या वर्षी पाऊस आलाच नाही. कोठार रिकामे झाले. शेजारचा राजा धान्य उसने द्यायला तयार होता. शिळा आड येत होती. खालच्या आळीत मुले चिंचेचा पाला उकडून खाऊ लागली.

तेव्हा सोमिला नावाची कुंभारीण थेट दरबारात आली. “अमात्यबाबा, आमचं वर्ष पाऊस पडला की लागतं. यंदा पाऊस नाही, म्हणजे वर्षच लागलं नाही. मग या दिवसांचा खर्च तुमची शिळा मोजणार तरी कशात?”

राजाने मांडीवर थाप मारली. “वा! शिळाही राहिली, धान्यही आलं!”

अमात्याला क्षणभर मोह झाला. धान्य येणार होते, आणि त्याच्या शिळेला ओरखडाही पडणार नव्हता. पण राजाचे डोळे जरा जास्तच चमकत होते.

“नको, महाराज. आज भुकेसाठी वर्ष पुसलं, तर उद्या मेजवानीसाठी पुसाल.”

“मी? छे!” म्हणत राजाने खांबाकडे पाहिले.

“शब्द वाकवायला नको. चूक माझी आहे. उधळपट्टी अडवताना मी दुष्काळ विसरलो.”

सगळ्या नगरादेखत अमात्याने स्वतः छिन्नी घेऊन शिळेवर खाली कोरले : ‘दुष्काळात उसने आणावे. ते फिटेपर्यंत राजाच्या ताटात एकच भाजी.’

“कोणती?” राजाने धास्तावून विचारले.

“दुधी,” सोमिला म्हणाली.

धान्य आले, मुले जगली. उसने तीन सुग्यांत फिटले. चौथी लागू नये म्हणून राजा स्वतः कोठारात फेऱ्या मारी.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, “तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, सोमिला ती भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि शिळा कोरणारा अन् ती चुकली म्हणणारा, दोघेही मीच. स्वतः केलेला नियमही माणसांकडे पाहून उघडपणे सुधारणे, ही प्रज्ञापारमिता.”