म्हशीपर्यंतची जागा

माणसं बांधावरून भांडायला शिकली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. साळबा नावाच्या साळिंदराला घरासाठी जागा हवी होती. घूसमावशीनं टोपलीभर करांद्याचे कंद घेऊन आपल्या रानातला तुकडा द्यायचं कबूल केलं.

करारात मावशीनं लिहिलं, "ओढ्यापासून म्हशीपर्यंतची जागा साळबाची." म्हैस तेव्हा चिंचेखाली रवंथ करत होती. ऊन चढलं की ती ओढ्यात डुंबायला जाते, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. साळबालाही होतं. तो गालातल्या गालात हसला आणि आपल्याच काट्यानं सही करून मोकळा झाला.

दुपारी म्हैस ओढ्यात शिरली. "संपली रे बाबा तुझी जागा!" मावशी खिदळली.

मावशीचं बीळ चिंचेच्याही पलीकडे होतं. संध्याकाळी त्या बिळामागे साळबानं हिरव्या गवताचा भारा नेऊन टाकला. म्हैस डुलत डुलत आली आणि तिथेच फतकल मारून बसली.

"अरे मेल्या, माझं बीळ तुझ्या हद्दीत गेलं!" मावशी किंचाळली. "म्हैस का कुठे एका जागी राहते?"

"सकाळी लिहिताना राहत होती का?" साळबानं विचारलं. "तर मग म्हैस खोडा आणि चिंच लिहा. नाहीतर मावशी, आजपासून तुम्ही माझ्या भाडेकरू."