ठकूचे तीर्थ

घाटाच्या पायथ्याशी कासारवळण नावाचे लहानसे गाव होते. नदीच्या वळणावर साठ-सत्तर घरे आणि वर टेकाडावर भिवनाथ महाराजांचा मठ. मठ म्हणजे तरी काय, शेणाने सारवलेले अंगण, मध्ये चिंच, चिंचेखाली दगडी ओटा आणि मागे कौलारू देवघर. महाराज त्या ओट्यावर बसत. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर पंचा, बोलणे मोजके. त्या काळी माणसे चार-चार कोस चालत येत. महाराज त्यांना "जेवलास का रे?" एवढेच विचारीत, पण तेवढ्यानेच चालून आलेल्याचा शीण उतरे.

महाराजांचा एक नेम होता. सकाळची पूजा आटोपली की मठात तीर्थ वाटले जाई. आलेल्या शेवटच्या माणसाला ते मिळेपर्यंत महाराज पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. चैत्र-वैशाखात दुपार होई, ओठ सुकत, पण नेम कधी मोडला नाही. तीर्थ वाटण्याचे काम नारोपंतांकडे होते. पंत विद्वान, शिस्तीचे, पहाटे उठून थंड पाण्याने न्हाणारे. "बारा वर्षं झाली, माझ्या पळीतून एकही माणूस सुटलं नाही," असे ते चारचौघांत सांगत. सांगताना छाती थोडी पुढे येई खरी, पण गोष्ट खोटी नव्हती.

गावाच्या कडेला वेळूच्या बेटाशेजारी हौसा बुरडीण राहत होती. तिचा नवरा भैरू वेळू तोडायला रानात जाई, तो दोन-दोन, तीन-तीन दिवस घरी येत नसे. हौसा घरी सुपे, टोपल्या, कणग्या विणी. त्यांना एकच लेकरू, तीन वर्षांची ठकू. ठकू जन्मली तेव्हा रडलीच नव्हती. सुईणीने पाठीवर थापट्या मारमारून तिला श्वास घ्यायला लावला होता. पुढे तिने मान धरली नाही. हातपाय काठीसारखे ताठ, मधूनच आकडी येई. डोळे मात्र टपोरे. आईची चाहूल लागली की ती तोंडभर हसे, आणि ते हसू पाहिले की हौसाला सकाळपासूनचे सगळे विसरायला होई.

पण सगळ्यांत अवघड होते ते तिचे खाणे. ठकूला पातळ काही गिळता येत नसे. दूध म्हणा, पाणी म्हणा, भलत्याच वाटेने जाई. मग लेकरू काळेनिळे पडे आणि पुढे आठ-आठ दिवस छातीत घरघर राही. दोनदा तर हौसाने आशाच सोडली होती. हे सारे तिला कोणा वैद्याने समजावले नव्हते. लेकराच्या गळ्याकडे बघत बघत ती स्वतःच शिकली होती. पाणी पाजायचे तरी त्यात नाचणीचे सत्त्व घालून ते शिजवायचे, मधासारखे घट्ट करायचे. पळी तिरकी धरली की ते सावकाश घसरत आले पाहिजे, थेंब सुटता कामा नये. ठकूला बसवायला तिने वेळूची एक खास टोपली विणली होती. तिची पाठ उंच, मानेला दोन्हीकडून आधार. त्यात लेकीला बसवून, हनुवटीखाली एक बोट धरून ती पळीच्या टोकावर येईल एवढेच तोंडात घाली. मग थांबायचे. गळा वर जाऊन खाली आला की पुढचे. असे एक जेवण व्हायला उंबऱ्यातले ऊन चुलीपर्यंत पोचे. दिवसातून चार वेळा हेच.

पाणवठ्यावर बाया विचारीत, "काय गं हौसा, राणीसाहेबांचं जेवण उरकलं का?"

"उरकलं की. पंक्ती उठल्या म्हनूनशान आले बाई पान्याला," हौसा हसून म्हणे आणि घागर उचले.

पण घरी परत येताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राही. भैरूने एकदा भरवून बघितले, तर त्याचे हात असे थरथरले की पळीच पडली. सासू डोळ्यांनी अधू. उद्या आपल्याला साधा ताप जरी आला, तरी हिला भरवणार कोण? मरणाचे तर सोडाच, हौसाला आजारी पडायचीसुद्धा सोय नव्हती.

मठात ती तीन वर्षांत गेली नव्हती. लोक म्हणत, बुरडीण देवावर रुसली. खरे कारण निराळेच होते. मठात गेले की तीर्थ आले, आणि तीर्थ म्हणजे पाणी.

एके दिवशी महाराज वेळूच्या बेटाकडून चालले होते. हौसा दारात ठकूला भरवत होती. महाराज थांबले, तिथेच एका ओंडक्यावर बसले आणि बघत राहिले. हौसाला उठून पाया पडायचे होते, पण ठकूच्या तोंडात घास होता. ती तशीच बसून राहिली. जेवण संपेपर्यंत महाराजही हलले नाहीत. शेवटी उठता उठता म्हणाले, "हौसा, परवा आमच्या गुरूंची पुण्यतिथी. लेकीला घेऊन ये हो."

"महाराज..." ती बोलू गेली. तीर्थाला नको कसे म्हणायचे, आणि तेही महाराजांना? तोवर महाराज निघूनही गेले होते.

पुण्यतिथीला मठाचे अंगण माणसांनी भरून गेले. हौसा टोपलीसकट ठकूला पाठुंगळीला घेऊन वर आली आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली. ऊन चढले होते. महाराज ओट्यावर बसलेले, सकाळपासून कोरडे. नारोपंत एका हातात तीर्थाचा गडू आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन रांगेने येत होते. तीर्थाला भीमसेनी कापराचा वास होता. तुळशीचे ताट घेऊन त्यांचा पुतण्या मागे चालला होता.

पंत हौसापुढे आले. तिने हात पुढे केला, तीर्थ घेतले, डोळ्यांना लावले.

"आणि हिचं?" पंतांनी ठकूकडे बोट केले.

"हिला नगं, पंत. मी घेतलं त्यात तिचं आलं."

"नको? तीर्थाला नको म्हणतेस?"

"तिला पानी गिळता येत न्हाई वो. घशात अडकतं."

"अगं, हे काय विहिरीचं पाणी आहे अडकायला?" पंतांचा आवाज चढला. माना वळल्या. "तीन वर्षं देवाकडं पाठ फिरवलीस, आज आलीस तर ही तऱ्हा! आणि ही पालखी कसली? लेकरू आहे का उत्सवमूर्ती?"

कोणी तरी फिदीफिदी हसले. हौसाने हात जोडले. "पंत, तुमच्या पाया पडते. लेकरू मरंल माझं."

"तीर्थानं मेलेलं माणूस मी अजून बघितलं नाही."

पंतांनी ताटात हात घातला. हौसाने नीट पाहिले. वर स्वच्छ पाने होती, ती बाजूला सारून त्यांनी तळातले एक उचलले. त्याला किडीने मधोमध गोल भोक पाडले होते. एरवी पंतांनी असले पान देवघराच्या उंबऱ्याच्या आतही येऊ दिले नसते. ते त्यांनी पळीत टाकले. ठकूचे तोंड नेहमीसारखे उघडेच होते. हौसा आडवा हात घालते न घालते तोच पंतांनी वरून पळी उपडी केली.

ठकूचे डोळे विस्फारले. एक ठसका आला, दुसरा आलाच नाही. तिचे ओठ जांभळे पडू लागले.

हौसाने तिला टोपलीतून ओढून काढले, पालथे घालून हातावर घेतले आणि पाठीवर थापट्या मारू लागली. "ठके! ठके, खोक गं माझे बाय!" लेकराच्या तोंडात बोट घालून तिने पान शोधले. पान लागेना. म्हणजे ते आत गेले! ती ओरडली, "कुनीतरी या वो!"

पण कोणी आले नाही. कारण त्याच वेळी ओट्याकडून दुसरा आकांत उठला होता. "महाराज! महाराजांना काय झालं?" सगळे अंगण तिकडे धावले. नारोपंत गडू तिथेच ठेवून धावले. हौसाने मान वर केली तेव्हा माणसांच्या फटीतून तिला दिसले, महाराज दोन्ही हातांनी गळा धरून ओट्यावर वाकले होते, आणि त्यांचा चेहरा ठकूच्या चेहऱ्यासारखा काळानिळा झाला होता.

"देवा, माझं ऱ्हाऊ दे, पर त्येंना..." ती म्हणायला लागली, पण तिला ते वाक्य पुरे करता आले नाही. कोणती आई पुरे करील? तिने फक्त थापट्या मारणे थांबवले नाही.

महाराजांना मोठा ठसका आला. तोंडातून पळीभर पाणी सदऱ्यावर पडले. आणि इकडे, अगदी त्याच क्षणी, हौसाच्या हातावर पालथी पडलेली ठकू खच्चून रडली. जन्मताना जी रडली नव्हती, ती असे रडली की चिंचेवरचे पोपट उडाले!

महाराज धापा टाकत होते. त्यांनी तोंडातून काही तरी काढून तळहातावर घेतले.

"पाणी कुठून आलं?" एक म्हातारा पुटपुटला. "महाराज तर सकाळपासून निर्जळ आहेत."

सदऱ्याला भीमसेनी कापराचा वास येत होता. महाराजांनी तळहात नारोपंतांपुढे धरला. त्यावर तुळशीचे एक पान होते. मधोमध किडीचे गोल भोक.

ते पान बाकी कोणाला कळले नाही. पंतांना कळले, आणि मागून लेकराला छातीशी धरून आलेल्या हौसाला कळले. पंत खालीच बसले.

महाराजांच्या बोलण्यात राग नव्हता. आवाज मात्र घशातून खरवडून येत होता. "पंत, बारा वर्षं तीर्थ दिलंत. घेणाऱ्याच्या गळ्याकडं कधी बघितलंत का?"

पंत पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "थांबा. अजून तीर्थ वाटून झालेलं नाही."

तेवढ्यात बायांनी हौसाला पुढे ढकलले. "माग गं, महाराज प्रसन्न हायेत! पोरीला चालती-बोलती करा म्हनावं!"

महाराजांनी हौसाकडे पाहिले. "बोल, आई. काय हवंय तुला?"

हौसाने ठकूच्या तोंडाकडे पाहिले. लेकीचे ओठ पुन्हा लाल झाले होते. मग ती म्हणाली, "महाराज, चालती-बोलती व्हावी असं कुनाला वाटनार न्हाई? पर मी रोज उठून त्याचीच वाट बघत बसले, तर हिला भरवू कवा? मला एकच भ्या हाय. माझ्याबिगर हिला कुनालाच भरवता येत न्हाई. आनखी एक मानूस द्या. बास."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. ते काही बोलायच्या आतच खाली बसलेले नारोपंत म्हणाले, "मी शिकेन."

"तुम्ही?" हौसाच्या तोंडून निघून गेले.

"शिकवशील तर. किती घट्ट लागतं, ते सांग."

मठाच्या चुलीपाशी तेव्हा जे घडले, ते गावाने पूर्वी पाहिले नव्हते आणि नंतर कधी विसरले नाही. पंत चुलीपुढे उकिडवे बसले. कोठीतून नाचणीचे सत्त्व आले. वाटीत तीर्थ घेऊन ते विस्तवावर ठेवताना त्यांचा हात एकदा अडखळला. त्यांनी महाराजांकडे पाहिले. महाराज चिंचेच्या पानांकडे बघत बसले होते. पंतांनी वाटी ठेवली.

"ढवळा, पंत. थांबू नगा. बघा, झाल्या गुठळ्या!"

"झाल्या खऱ्या."

"टाका ते तुळशीत. पुन्ना करा."

दुसऱ्या खेपेलाही बिघडले. तिसऱ्या खेपेला पळी तिरकी धरली तर थेंब सुटला नाही, सावकाश घसरत आले. हौसाने ते निवेपर्यंत फुंकर घातली. ठकूचा श्वास पुरता शांत झाला आहे ना, हे तिने छातीला कान लावून पुन्हा पुन्हा पाहिले आणि मगच तिला टोपलीत बसवले. पंतांचे बोट धरून तिने ते हनुवटीखाली नेऊन ठेवले.

"जास्त न्हाई. टोकावर मावंल येवढंच. आता थांबा. गळ्याकडं बघा."

घामाने पंतांचे गंध पसरले होते. ते श्वास रोखून बघत राहिले. सगळे अंगण बघत राहिले. गर्दीतून कोणी तरी हळूच विचारले, "पर शिजवल्यावर त्ये तीर्थ ऱ्हातं का?"

"राहतं," नारोपंत मागे न बघता म्हणाले. "बोलू नका. गिळतेय ती."

ठकूचा गळा वर गेला आणि खाली आला. मग ती तोंडभर हसली.

ओट्यावर महाराजांनी तांब्या उचलला आणि त्या दिवसाचा पहिला घोट घेतला.

तेव्हा पंतांचा बांध फुटला. त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि ठकूच्या वाकड्या, ताठ पावलांवर कपाळ टेकले. "बाळ, चुकलो. हौसाबाई, क्षमा करा." ते हुंदके देऊन रडू लागले. हौसा संकोचाने अर्धी झाली. "अवो पंत, असं काय करताय? उठा. अजून निम्मी वाटी ऱ्हायलीय." लोक हसले, आणि हसता हसता अनेकांनी डोळे पुसले.

भिवनाथ महाराजांनी ठकूचे दुखणे काढून घेतले नाही. ते का, हे महाराजच जाणोत. पण त्या दिवसापासून मठात तीर्थाच्या गडूशेजारी एक वाटी घट्ट तीर्थाची असे. म्हातारी माणसे, दुखणाईत, ज्यांना लागेल त्यांना पंत स्वतः भरवीत, गळ्याकडे बघत बघत. आणि त्याच वर्षी श्रावणात हौसा हिवतापाने अंथरुणाला खिळली, ती आठ दिवस उठली नाही. दिवसातून चार वेळा नारोपंत टेकाड उतरून वेळूच्या बेटाकडे येत, उंबऱ्यात पगडी काढून टोपलीतल्या ठकूला वाकून नमस्कार करीत, आणि मग पळी हातात घेत.