खाली न बसलेला आमदार

फार वर्षं झाली. धरण नुकतंच भरलं होतं आणि आमचं खोरं पाण्याच्या मागं पडलं होतं. रस्ता पाण्यात गेला. बाजार पलीकडे राहिला, दवाखाना पलीकडे राहिला, आणि अलीकडे राहिलो आम्ही. धरणाची वीज आमच्या डोक्यावरनं तारांतून शहराला जायची आणि आम्ही खाली चिमणी लावून बसायचो. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे, होतं ते असं होतं.

माणूस आजारी पडलं की दोन बांबूंना घोंगडी बांधून झोळी करायची, चार टोकांना चार खांदे लावायचे आणि डोंगराला वळसा घालून, खिंड चढून पलीकडे न्यायचं. उजाडताना निघालं तर दिवेलागणीला दवाखाना. वाटेत झोळी टेकवायची नाही आणि झोळी खांद्यावर असताना कुणी बसायचं नाही, अशी रीत. झोळी टेकली की आतल्याचा धीर सुटतो.

त्या काळात जानू ढेबे नावाचा एक धनगर होता. पुढचं उजवं टोक कायम त्याचं. चढ असो, चिखल असो, त्याच्या झोळीतल्या माणसाच्या उशाशी ठेवलेलं पाणी सांडत नसे, असं म्हणतात. वैऱ्याच्या घरचा निरोप आला तरी तो ताटावरनं उठायचा.

मग निवडणूक आली. खोरं म्हणालं, आपली झोळी जो उचलतो त्यालाच मुंबईला पाठवू, तो आपल्यासाठी बोलेल. जानू नको नको म्हणत होता. त्याची बायको ठकू चुलीपाशी होती. ती तिथनंच म्हणाली,

"पाठवताय खरं. पण झोळीचं चौथं टोक कोण धरणार? आमदार व्हय?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, आता झोळीच राहणार नाही. लाँच येणार पाण्यातनं, भोंगा वाजवत!"

हसणं सोपं असतं. बाकीचे बाप्ये गोदीत हमालीला गेलेले, गावात राहिलेले खांदे मोजकेच, त्यातला सगळ्यात पक्का आम्ही आमच्या हातानं मुंबईला धाडला. एका बाईला ते दिसलं, बाकी गावाला दिसलं नाही.

जानू निवडून आला. मुंबईत त्याला खोली मिळाली, खाट मिळाली, पण तो फरशीवर घोंगडी टाकून झोपायचा. शेजारच्या खोल्यांत माणसांची जत्रा, याच्या दाराशी कोण नाही. सभागृहात त्याचं बोलणं एकच असायचं. पाण्यापलीकडे जायला लाँच द्या, दवाखान्यात डॉक्टर द्या. मंत्री म्हणायचे, विचार चालू आहे. पुढच्या वेळी म्हणायचे, पाहणी करू. तो उठला की बाकीचे चहाला उठायचे. रिकाम्या बाकांशी बोलून बोलून त्याची अशी सवय झाली की रस्त्यानं जातानाही तो एकटाच बोलत जायचा, असं म्हणतात.

तशात ठकूला दिवस गेले. दिवस भरले आणि मूल आडवं आलं.

गावात खांदे तीन. चौथं टोक कधी म्हाताऱ्यानं धरलं, कधी बायकांनी आळीपाळीनं धरलं. ते टोक खाली जायचं, झोळी कलायची, ठकू आतून म्हणायची, "टेकवा रं, टेकवा जरा." कुणाचा इलाज नव्हता. झोळी टेकवत टेकवत खिंडीपर्यंत नेली. खिंडीत ठकू गेली. पोटातलंही गेलं.

त्याच वेळी जानू सभागृहात उभा होता. बोलता बोलता त्याचा उजवा खांदा एकदम खाली दबला, जसा ओझ्यानं दबतो. आणि मग तो हलका झाला. असं म्हणतात की तिथंच त्याला कळलं. तार नाही, निरोप नाही, पण कळलं. तो बोलायचा थांबला आणि तसाच उभा राहिला.

वेळ संपल्याची घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

जानू म्हणाला, "नाही बसत, महाराज. झोळी खांद्यावर असताना बसायची आमच्यात रीत नाही."

लोकांना वाटलं, धनगर आहे, काहीतरी बोलतोय. कोणी हसलं. मग सगळे उठून गेले. पंखे थांबले, दारं लागली. कबुतरं आत आली आणि त्याच्या डोक्यावर बसली तरी तो हलला नाही. असं म्हणतात की त्याच्या उजव्या खांद्यातनं पाणी झिरपायला लागलं, आमच्या धरणाचं गार पाणी. आधी सतरंजी भिजली. मग बाकं तरंगायला लागली. दाराखालनं पाणी मंत्र्याच्या दालनात गेलं आणि त्याच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा तो धोतर सावरत आला.

"अहो ढेबे, काय पाहिजे तुम्हाला?"

"लाँच. आणि पलीकडे डॉक्टर."

"देतो. आणखी? तुमच्या स्वतःसाठी काही?"

"माझं गेलं," जानू म्हणाला. आणि तेव्हा कुठं तो खाली बसला.

तो गावी आला तेव्हा झोळीचे तिघं त्याला टाळून घरात शिरले. त्यातला एक, भिवा, शेवटी बाहेर आला आणि त्याच्या पुढं उभा राहिला.

"जानू, शिव्या दे रं. मार मला. पण असा गप नको राहू."

"तुला कशाला मारू?" जानू म्हणाला. "तुम्ही तिघं तर होता. नव्हतो तो मी."

लाँच आली. भोंगा वाजवत आली. लोकांनी नारळ फोडला, गुलाल उधळला. जानू तिच्यात कधीच चढला नाही. पण कुणाचं आजारी माणूस लाँचमध्ये निघालं की तो काठावर येऊन उभा राहायचा, आणि लाँच पलीकडे टेकेपर्यंत बसायचा नाही. लाजेनं त्याच्याजवळ कोणी जात नसे. पुढच्या निवडणुकीत लोकांनी जीपवाला माणूस निवडला, तेही त्याला कुणी तोंडावर सांगितलं नाही. वर्षानुवर्षं तो तिथं एकटा. माणूस मेल्यावर त्याला देव करणारी आम्ही मंडळी, जिवंतपणी शेजारी दोन पावलं जाऊन उभं राहायला काय झालं होतं?

एकदा धुकं होतं. धुक्यातनं लाँच गेली, पलीकडनं भोंगा ऐकू आला, धुकं उठलं, आणि काठावर जानू नव्हता. कोणी म्हणतं पाण्यानं नेला. कोणी म्हणतं ठकूला आणायला खिंडीत गेला. तो उभा असायचा तो कातळ धो धो पावसातही पावलांएवढा कोरडा राहतो, असं म्हणतात. मी पाहिलेला नाही, खोटं कशाला सांगू?

पण एक मी रोज पाहते. आमच्याकडे लाँचमधनं आजारी माणूस गेलं की मागं राहिलेल्याला काठावर एकटं सोडत नाहीत. जो जवळ असेल त्यानं जाऊन शेजारी उभं राहायचं, लाँच टेकेपर्यंत. त्याला जानूचा खांदा म्हणतात. भांडण, भावकी, पक्ष, काही मधे आणायचं नाही.

परवाच सखूच्या नवऱ्याला छातीत कळ आली, त्याला लाँचमधनं पलीकडे नेला. काठाला जवळ होती तिची जाऊ, बांधावरनं सालोसाल अबोला धरलेली. ती भांडी टाकून आली आणि शेजारी उभी राहिली.

सखू म्हणाली, "तू कशाला आलीस?"

"तुझ्याशी बोलायला नाही आले."

"मग?"

"नुसती उभी आहे."

"राहा," सखू म्हणाली, आणि दोघी पाण्याकडं बघत राहिल्या.